नियमानुसार उत्तर दिले नाही

बाळांनो, मी नोकरी करत होते एवढं तुम्हाला माहीत आहे. काय काम करत होते ते मी कधी सांगितलं नाही, तुमच्या आजोबांनाही पुरतं सांगितलं नाही, कारण सांगायला मनाई होती. गेल्या वर्षी ती मनाई सरकारनं उठवली. म्हणून आता क्रमानं लिहिते.

आदिलाबादकडे, उटनूरच्या रस्त्याला सागाच्या जंगलाच्या कडेनं एक लहान सरकारी दवाखाना होता. कुष्ठरोग्यांचा. लोक त्याला महारोग म्हणत आणि म्हणताना आवाज खाली आणत. तिथे मी कारकून होते. नागपूरला इंग्रजी शाळेत शिकलेली बाई म्हणून मला ती जागा मिळाली, कारण दवाखान्याचे नियम इंग्रजीत होते आणि ते नीट वाचू शकणारं दुसरं कोणी नव्हतं.

रोगी आला की त्याला नंबर मिळे. औषधाच्या चिठ्ठीवर नंबर, ताटावर नंबर. नाव आणि गाव फक्त एका जाड रजिस्टरात असे, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्या पदराला. रजिस्टरावरचे मथळे निजामाच्या वेळेपासून चालत आलेले होते, म्हणून शेराच्या रकान्याला आम्ही कैफियतीचा खाना म्हणत असू. नियम दोन होते. पहिला, रोग्याचं नाव-गाव बाहेरच्या कोणालाही, नातेवाइकालासुद्धा, सांगायचं नाही. दुसरा, कोणी चौकशीला आलं तर ते रोग्यालाही कळू द्यायचं नाही. कळलं तर त्याचं मन अस्थिर होईल म्हणून.

हे नियम दुष्टपणानं केलेले नव्हते, हे तुम्ही लक्षात ठेवा. भीमपूरकडच्या एका घरातला माणूस आमच्याकडे आहे ही बातमी फुटली, तेव्हा त्या घराचं विहिरीवरचं पाणी बंद झालं आणि ठरलेली सोयरीक मोडली. मी ते पाहिलं होतं. त्यामुळे किल्ली सांभाळताना मला मी काही चांगलं काम करते आहे असंच वाटे.

मग गोळ्या आल्या. वर्षभर घेतल्या की रोग जाई. माणसं बरी झाली, तरी कित्येकजण घरी गेलेच नाहीत. मागच्या कौलारू खोल्यांत राहत, डाळ निवडत, वेलीला पाणी घालत. रोग गेला तसे नियमही जायला हवे होते. ते राहिले, आणि मी ते पाळत राहिले.

सत्तावन्न नंबरची बाई बेला गावाकडची. नवऱ्यानं तिला पहाटे बैलगाडीत घालून आणलं आणि गावात जाऊन ताप आला, वाटेत मेली, असं सांगितलं. तिची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिनं आईला तोंडावरून पदर घेऊन गाडीत बसताना पाहिलेलं. घरात दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला तिच्या नावानं पान वाढलं जाई, भाऊ छपरावर घास टाके. मुलगी मोठी झाली तशी तो स्वयंपाक तिच्याकडे आला. पुढे तिची आत्या आजारी पडली आणि जाता जाता सांगून गेली की तुझ्या मायला दवाखान्यात नेलं होतं, ती मेली असं कोणी पाहिलं नाही.

ती माझ्या खिडकीशी आली तेव्हा तिच्या कडेवर तिचं मूल होतं.

"बाई, माही माय हाये का इथं?"

"तसं सांगता येत नाही."

"नसंन तं नाही म्हणा ना. मी चालली जातो."

"तेही सांगता येत नाही. नियम आहे."

"अशी कशी वं बाई तू? हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तोंडात काय धरून ठेवलं?"

रांगेतल्या बायका हसल्या. मी मान खाली घालून कैफियतीच्या खान्यात लिहिलं: नातेवाईक स्त्री, मुलगी असल्याचे सांगते, गाव अमुक. नियमानुसार उत्तर दिले नाही. खाली तारीख. मी व्यवस्थित बाई, प्रत्येक चौकशीची नोंद ठेवत असे. त्या वेळी सत्तावन्न नंबर मागच्या ओट्यावर, हाकेच्या अंतरावर, सूप घेऊन बसली होती.

मुलगी तीनदा आली. तीनही वेळा मी तेच वाक्य लिहिलं.

नंतर माझी निवृत्ती झाली. दवाखानाही उठला; मागच्या खोल्यांतली माणसं तेवढी तिथेच राहिली, सकाळी एक नर्स त्यांच्या जुन्या जखमांची मलमपट्टी करून जाते. रजिस्टरं आदिलाबादच्या एका कचेरीत गेली. गेल्या वर्षी तिथल्या तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. तो वरंगळकडचा, त्याला मराठी येत नाही, माझ्याशी हिंदीत बोलतो आणि अम्मा म्हणतो. म्हणाला, जुने गोपनीयतेचे नियम रद्द झाल्याचं पत्र आलं आहे, आता जवळच्या नातेवाइकाला नोंद पाहता येईल, पण "अम्मा, आपका लिखा हुआ हमसे पढ़ा नहीं जाता."

मी गेले. सगळ्यात आधी सत्तावन्न काढला. शेवटची ओळ माझ्यानंतरच्या कारकुनाच्या हातची होती. ती बाई चार वर्षांपूर्वी वारली होती. तिथेच, मागच्या जागेत, पुरलेली.

पत्ता माझ्याच नोंदीत होता. अधिकाऱ्यानं माणूस पाठवला आणि चौथ्या दिवशी ती आली. आता तिचेही केस पिकलेले. वांग्यांचं पोतं बाजारात उतरवून तशीच आली होती. मला ओळखलं.

"आता सरकारचं तोंड उघडलं का?" ती म्हणाली. "का मेलं सरकार?"

मी रजिस्टर तिच्यासमोर ठेवलं आणि बोट ठेवून वाचलं. नाव. गाव. आल्याचा दिवस. बरी झाल्याचा दिवस. मग तिच्या तीन फेऱ्या, तारखांसकट. मग शेवटची ओळ.

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. बराच वेळ लागला.

"मंजे मी पयल्यांदा आली तवा होती."

"होती."

"तिसऱ्यांदाबी होती."

"होती."

"आन् आमी घरी तिच्या नावानं घास टाकून राह्यलो होतो. जित्या मायले." तिनं पदर तोंडाशी धरला. "कढी मी करत जाओ. तिले आवडे मनून."

मी इथे थांबू शकले असते. रजिस्टरात होतं तेवढं सगळं सांगून झालं होतं. पण एक गोष्ट रजिस्टरात नव्हती. प्रत्येक महिन्याला मी रोग्यांचे अंगठे घ्यायला मागे जात असे. एकदा सत्तावन्न नंबरनं अंगठा देताना विचारलं होतं, "बाई, आमच्या गावचं कोणी येते का वं इथं? कोणी विचारते?" मुलगी दुसऱ्यांदा येऊन गेली त्याला आठ दिवसही झाले नव्हते. मी म्हणाले, "नाही." दुसरा नियम होता. शाईचा डबा बंद केला आणि पुढच्या खोलीकडे गेले. हे मी कुठे लिहिलं नाही. माझ्या नोंदींत एवढी एकच गोष्ट राहिली, आणि ती विसरून राहिलेली नव्हती.

मी ते तिला सांगितलं.

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "तिनं असं विचारलं?"

"हो."

"कोणी विचारते का, असं?"

"हो."

"मंग तिले वाटत होतं, मी यावं." एवढं म्हणून ती रडली, आणि मला कळलं की इतकी वर्षं तिला भीती होती ती आई मेली असेल याची नव्हती, आईनं आपल्याला टाकलं असेल याची होती. ते एका वाक्यात सुटलं. ते वाक्य मी बावीस वर्षं माझ्याजवळ ठेवलं होतं.

मला तिनं माफ केलं नाही. मी मागितलंही नाही. उठताना म्हणाली, "उद्या सकाळी येतो. कुठं पुरली ते दाखवा."

त्या जागेत दगडांवरही नंबरच आहेत, नावं नाहीत. मेल्यावरही नियम होता. तिनं भावाला आणलं होतं, लाल रंगाचा डबा आणि ब्रश आणला होता. भाऊ नंबर खोडायला निघाला तर म्हणाली, "राहू दे. त्याच नंबरावर ती जेवली इतके वर्स." वर आईचं नाव तिनं स्वतः काढलं. अक्षरं वेडीवाकडी आली. खाली गाव लिहायला भाऊ कचरला. त्याच्या घरात मुलगी लग्नाची आहे. दोघं तिथेच भांडले. शेवटी गाव लिहिलं.

अधिकाऱ्याला वाटलं काम सोपं आहे, सगळी नावं टाइप करून फाटकावर लावून टाकू. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "अम्मा, अब तो सब खुला है." मी त्याला सांगितलं की खुलं आहे ते विचारणाऱ्यासाठी आणि ज्याचं नाव आहे त्याच्यासाठी, रस्त्यावरच्या प्रत्येकासाठी नाही. बाळांनो, तुम्ही तिकडे फोनवर दिवसातून दहादा 'मान्य आहे' दाबता. निदान तुम्हाला कोणी विचारतं तरी. आमच्या नियमात माणसाचं गुपित राखायचं होतं, पण त्या माणसाला विचारायचं कलमच नव्हतं. माझ्याही डोक्यात ते कधी आलं नाही.

म्हणून आता मी मंगळवारी कचेरीत जाते. कैफियतीच्या खान्यात माझ्या हातचं ते वाक्य जिथे जिथे आहे, तिथल्या पत्त्यावर मी पोस्टकार्ड लिहिते. बरीच परत येतात. पण ज्यांच्याबद्दल कोणी विचारून गेलं होतं अशी दोन माणसं अजून हयात आहेत, त्याच कौलारू खोल्यांत. त्यांच्याबाबत आधी त्यांना विचारायचं असं मी ठरवलं आणि रिक्षा करून गेले.

एका म्हाताऱ्या आजीचा मुलगा विचारून गेला होता; ती इथे आली तेव्हा तो अगदी लहान होता. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको वं माय. माह्यासाठी तो पोरगा तिथंच राहू दे, ल्हानाच." मी तसं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला, आणि त्या पत्त्यावर कार्ड टाकलं नाही.

दुसरे एक आजोबा आहेत. त्यांचा पुतण्या कधीतरी येऊन गेला होता. त्यांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी मी गेले तर दाढी करून बसले होते. म्हणाले, "लिवा त्याले, ये मना. पन दुपारून ये मना. सकायी माही मलमपट्टी असते."