साडूंच्या मागचं कापड

देवाने हे जग विणून आमच्या साडूंच्या टेबलावर टाकलं असतं, तर त्यांनी खोट काढून ते परत पाठवलं असतं. सुरतेजवळ सचिन नावाचं गाव आहे, तिथल्या एका कापड कारखान्यात ते चेकिंग मास्तर आहेत. खालून दिवे लावलेल्या टेबलावरून कापड सरकत जातं, आणि कुठे धागा तुटला, गाठ राहिली, डाग पडला की साडू खिशातला निळा खडू काढून फुली मारतात. बरं, हे कारखान्यात थांबावं ना! माझ्या लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे होते आणि हे गृहस्थ अंतरपाटाची किनार चिमटीत धरून उजेडाकडे बघत होते. नवरीचं तोंड दिसायच्या आधी मला अंतरपाटाचा आडवा धागा ढिला असल्याचं कळलं. हॉटेलात रुमाल, बँकेत पडदे, डॉक्टरकडे चादर, काही म्हणजे काही सुटत नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची अक्का, अशा माणसाशी आजवर संसार करते आहे, यातच तिचं मोठेपण आलं.

तर झालं असं, की त्यांच्या मालकाच्या मुलाला कंपनीची वेबसाइट काढायची हुक्की आली. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने छातीपर्यंतचा फोटो द्यायचा, मागे एखादा पडदा हवा, आणि शनिवारपर्यंत नाही दिला तर नावावर फोटोऐवजी नुसतं करडं मुंडकं झळकणार. साडूंनी हे फारच मनावर घेतलं. गावी शिंदखेड्याकडे त्यांचे थोरले भाऊ आहेत. शेती सोडून साडू सुरतेला निघाले, तेव्हा हे दादा म्हणाले होते, "जा, लोकांच्या चिंध्या झटक." तेव्हापासून दोघांचं बोलणं लग्न-मयतापुरतंच उरलेलं. आपण चिंध्या झटकत नाही, हे दादांना एकदा डोळ्यांनी दिसावं एवढीच साडूंची इच्छा होती. म्हणून मागचं कापड त्यांना असंतसं चालणार नव्हतं.

मला अवदसा आठवली आणि मी त्यांना सुरतेच्या गोडादरा भागातल्या एका स्टुडिओत नेलं. स्टुडिओवाल्या गुजराती भाईने आधी पुस्तकांच्या कपाटाचं चित्र लावलं. साडू म्हणाले, मी सातवीत दोनदा बसलो हे दादाला पाठ आहे. मग काचेची उंच इमारत आली. तर म्हणे, ही तुझी का, असं दादा विचारेल. शेवटी भाईने कौतुकाने नवाकोरा पांढरा पडदा सोडला. साडू खुर्चीवरून उठले, पडद्याशी गेले, तो चिमटीत धरला आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यावर इथेतिथे निळ्या फुल्या मारून मोकळे झाले.

"काका, आ शुं कर्युं तमे?" भाई रडवेला झाला.

"सेकंडचा माल आहे," साडू शांतपणे म्हणाले. "परत करून टाक."

मी हात जोडले, माफी मागितली आणि त्यांना ओढत बाहेर आणलं. बातमी आमच्या पुढे धावत असावी, कारण पुढच्या दोन्ही स्टुडिओवाल्यांनी आम्हाला बघताच शटर अर्धं खाली केलं.

शुक्रवारी संध्याकाळी अक्का वैतागली आणि तिने ट्रंकेतून आपली आकाशी साडी काढली. मास्तर झाल्यावर साडूंनी स्वतः टेबलावर तपासून, एकही फुली न मारता आणलेली ही एकच साडी. पण खिळा ठोकला तर साडीला भोक पडेल! मग अक्का खाटेवर चढली, दोन्ही हात वर करून साडी पसरून धरली आणि साडूंच्या मागे साडीआड उभी राहिली. मी मोबाइल रोखला. साडू काही केल्या समोर बघेनात. एकदा चुणी सरळ केली, एकदा किनार तपासली, मग कॉलर, मग पुन्हा चुणी. साडीमागून आवाज आला, "आते काढा ना फोटू, मना हात दुखी राह्यनात." साडू दचकून समोर वळले आणि मी बटण दाबलं.

फोटो झकास आला. फक्त वरच्या कोपऱ्यात अक्काची चार बोटं आली होती, लग्नानंतर गावच्या जत्रेत गोंदलेल्या हिरव्या ठिपक्यांसकट. ऑफिसातला पोरगा म्हणाला, ही बोटं पुसून टाकतो. साडूंनी साफ नकार दिला. तिथे कापड फाटल्यासारखं दिसेल, म्हणे. मला हे कारण मुळीच पटलं नाही.

रविवारी आम्ही सगळे साडूंकडेच जमलो होतो. वेबसाइटची लिंक गावी पुतण्याला पाठवून झाली होती आणि साडू फोन समोर ठेवून बसले होते. दुपारी खरंच दादांचा फोन आला. साडूंनी फोन माझ्याकडे सरकवला, स्पीकर मीच लावला. दादा हुद्द्याबद्दल बोलले नाहीत, फोटोबद्दल बोलले नाहीत. बराच वेळ खाकरले आणि मग विचारलं, "मांगे धाकली उभी शे का रे?" धाकली म्हणजे धाकट्या भावाची बायको, आमची अक्का.

"हा, दादा."

"तिले सांग, हात दुखना व्हतीन. बस म्हना आते."

  अक्का ओट्याशी उभी होती. थोरल्या दिरांचा आवाज ऐकून तिने डोक्यावर पदर ओढला, हातातली पळी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून खरंच बसली.