मेलेल्यांची नावं

अतिरेक्यांचा पिक्चर पाहून आलेल्या पोराला डोणगावकर मॅडम एकच प्रश्न विचारायच्या, "मेले कोन कोन?" आम्ही माना खाली घालायचो. अतिरेक्याचं नाव, त्याची बंदूक, त्याचे डायलॉग सगळं तोंडपाठ. मेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. "वा रे वाघ," त्या म्हणायच्या. "मारनाऱ्याची कुंडली पाठ, मरनाऱ्याचा पत्ता नाही." कारंज्याच्या आमच्या शाळेत त्या ग्रंथपाल होत्या. आमच्याविषयीची तुच्छता त्यांनी कधी लपवली नाही, आणि आमची लायकीही तेवढीच होती. तरी मला त्या आवडायच्या.

दहावीत स्नेहसंमेलनाला अतिरेकी हल्ल्याचं नाटक ठरलं. बसवायचं मॅडमनी. आम्हा सगळ्या टोणग्यांना अतिरेकीच व्हायचं होतं. तोंडाला काळं फडकं बांधलं की शिट्ट्या हमखास. मी तर आठ दिवस आरशासमोर खदाखदा हसायची तालीम केली होती.

"तुले काहून अतिरेकी व्हाचं हाय?"

"भारी वाटते, मॅडम."

"बंदूक धरून गधाही उभा राह्यते. घे, हो अतिरेकी."

मरायला सहा जण मिळाले, तेही रडतखडत. मॅडमनी महिनाभर मेहनत घेतली ती त्यांच्यावर. प्रत्येकाकडून वहीत लिहून घेतलं: नाव काय, गाव कोणतं, घरी कोण वाट पाहतंय. वर नियम केला, की शेवटी मारणाऱ्यानं एकेकाला त्या नावानं हाक मारायची, तेव्हाच त्यानं उठायचं. ती वही मलाही दिली होती. मी उघडलीसुद्धा नाही. तालमीत हाकांची पाळी आली की मी सटकायचो.

नाटकाच्या दिवशी शिट्ट्या पडल्या, सहाही जण पडले, मी पोटभर हसून घेतलं. मग हाका मारायची वेळ आली आणि मला एकही नाव येत नव्हतं. "ए, उठा रे," मी म्हटलं. कुणी हललं नाही. लोक हसले, मग हसायचे थांबले. पुढे बसलेली पाचवीतली एक पोरगी रडायला लागली. मी विंगेत पाहिलं. मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. शेवटी मुख्याध्यापकांनी पडदा पाडायला लावला. आणि उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस त्या शहाण्यांनी मलाच दिलं.

"घेऊन जा," मॅडम म्हणाल्या. "पन ते सहा अजून पडूनच हायेत."

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. शाळेच्या ग्रुपवर मी लांबलचक श्रद्धांजली लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. सहा वर्षं त्यांच्यासमोर काढली, त्यांचं पहिलं नाव मला माहीत नव्हतं. लाज वाटली. नाटकात मेलेल्या सहांपैकी सुनीता आता धनज गावात असते, तिला नाव विचारायला फोन लावला.

"विमल," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "अन् नाटकात माह्यं नाव काय होतं, सांग बरं?"