म्हाळूचं राखलेलं कुरण

चतुराबाईला एकच घोर होता. म्हाळूला चांगली गोष्ट झाकून ठेवता येत नाही. पोरगा चाळिशीला आला, तीन लेकरांचा बाप झाला, तरी कुणी विचारलं की सगळं सांगून मोकळा.

पाटोद्यावरच्या बालाघाटाच्या माळावर मेंढरांमागं त्याचं आयुष्य गेलं. जमीन त्याला तळपायानं कळायची. कुठं नुसता मुरूम, कुठं हातभर काळी माती, कोणत्या उतारावर गोड पवन्या गवत येतं आणि कुठं फक्त टोचरं कुसळ, हे तो चालता चालता सांगायचा.

फसली तेराशे वीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे दहाच्या सुमारास, आश्विनात निजाम सरकारच्या जंगल खात्याचे अमीन सुंदरराव आले. सगळ्या पठाराची मोजणी करून नकाशात प्रतवारी लावायची होती. जंगल कोणतं, चराई कोणती, खराब कोणती. वाट दाखवायला म्हाळू. चार दिवस तो बोलला आणि अमिनांनी लिहिलं. पाचव्या दिवशी ते कंटाळून म्हणाले, "सगळा माळ बोडका दिसतो रे तुमचा."

ते म्हाळूला लागलं. तो त्यांना थेट राखणीच्या कुरणावर घेऊन गेला. पावसाळाभर तिथं एकही मेंढी शिरायची नाही, बी झडलं की दिवाळीनंतर सगळ्या वाड्यावस्त्यांची मेंढरं एकदम सोडायची, ही धनगरांची जुनी रीत. गवत छातीला लागत होतं. अमिनांनी खूश होऊन लिहिलं, 'जंगल, अव्वल दर्जा. चराई बंद.'

"कावून दावलंस?" चतुराबाईनं विचारलं.

"माळाला बोडका म्हणले, माय."

"म्हणू द्यायचं. बोलल्यानं गवत जळतंय व्हय?"

दीडशे मेंढरं उन्हाळ्यात काय खाणार, या घोरात म्हाळूनं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही.

तिसऱ्या सकाळी चतुराबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला. शेजारच्या मोहनरावांनी तीन वर्षांमागं आपल्या माळाला काटेरी कुंपण घातलं होतं. आत ना मेंढी, ना खूर. पवन्या दडपून गेला, आता सगळं कुसळच. मेंढरांच्या खुरांनी बी मातीत जातं, चराई बंद झाली तर राखलेल्या कुरणाचंही असंच होईल, हे अमिनाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"ते रान त्यांना दावते," ती म्हणाली.

"माय, नकाशावर शाई चढली असंल."

"मग वाळायच्या आत गेलेलं बरं."

अमिनांच्या तंबूपाशी चपराशानं तिला अडवलं. साहेब कामात हायेत, तुझ्या पोराला पाठव, म्हणाला. पोराला पाठवलं तर तो आणखी एखादं कुरण दाखवून येईल, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. कनातीआड कागदाची सळसळ ऐकू येत होती. परक्या पुरुषाला तिनं जन्मात कधी हाक मारली नव्हती. तिनं पदर सावरला आणि चपराशाच्या डोक्यावरून मोठ्यानं हाक दिली, "अमीनसाहेब, जरा भायेर या."