परळच्या दवाखान्यातली तांबडी

देवगडला बोट खोल पाण्यात उभी राहायची, तिथवर पडावातून जायचं. मी पडावात बसले तेव्हा आई गुडघाभर पाण्यात उतरली होती, लुगडं भिजलं तरी. "बायो, दादाक उपाशी ठेव नको. नि कागद धाडीत रव," एवढंच म्हणाली. बाबा काठावर पाठ करून उभे होते. वहिनी बाळंतपणात गेली, म्हणून दादाला रांधून घालायला मला मुंबईला धाडत होते. सहा महिन्यांसाठी, असं तेव्हा ठरलं होतं. आता गावात मला नावाने हाक मारतील अशी माणसं मोजकीच उरलीत. त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखंच बोटीत बसून आलेल्यांसाठी हे लिहितेय. काय काम करतेस, असं सगळे विचारायचे. मी कागदात "दवाखान्यात" एवढंच लिहायचे. आईला वाटायचं, माणसांच्या.

दादा लालबागच्या गिरणीत होता. खोली परळला. शेजारणीने मला जनावरांच्या दवाखान्यात काम लावून दिलं. जखमांच्या पट्ट्या उकळायच्या आणि वाळत घालायच्या. आमच्या गावात घोडा नव्हताच. मी पाहिलेला घोडा म्हणजे तसबिरीतला, पांढराशुभ्र. पहिल्या दिवशी तबेल्याच्या शेवटच्या ठाणात ती तांबडी घोडी दिसली आणि माझ्या हातातली बादली सुटली. साज घासून तिच्या पाठीवर तळहाताएवढं मांस उघडं पडलं होतं. मागे चाबकाचे वळ, एकावर एक. असं कुणी जित्या जिवाला करू शकतं हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. व्हिक्टोरिया ओढताना ती भर रस्त्यात कोसळली होती, लोकांनी गाडी अडवून तिला इथे आणलं होतं.

बादलीच्या आवाजाने तिने मागच्या दोन्ही पायांनी भिंतीवर लाथ हाणली, चुना खाली पडला. पट्ट्या बांधणाऱ्या ड्रेसरचा हात तिने आधीच मोडला होता. डॉक्टर म्हणाले, "जखम भरेल हो. पण माणसाला जवळ येऊ देत नाही, अशी घोडी नेणार कोण? आणि इथे कायमची कशी ठेवणार?" म्हणजे तिला सुई देऊन संपवणार, हे मला कळलं.

दवाखान्यात धोंडूमामा नावाचे एक म्हातारे होते, घाटावरचे. म्हशींच्या गोठ्यात शेण काढायचे. मी रडतेय बघून फाटकाशी त्यांनी मला थांबवलं.

"घोड्याला समोरनं जायाचं न्हाई, पोरी. डोळ्यात बघू नगंस. ठाणाबाहेर पाठ करून बस. तांदूळ निवड, काय बी कर. तिला कळू दे, तुला तिच्याकडनं काय बी नगं."

"किती दिवस?"

"ती सांगंल."

रोज दुपारी पट्ट्या वाळत घातल्या की मी सूप घेऊन तिथे बसू लागले. पहिले काही आठवडे नुसता तिचा श्वास ऐकला. मग एकदा मानेवर गरम हवा आली. मी हलले नाही, तांदूळ निवडत राहिले. फाटकाशी जाऊन मामांना सांगितलं की ते पुढचं सांगायचे: आता हात उघडा ठेव, गवत धर, आता खांद्याला हात लाव, तोंडाला नको, तिनं मान फिरवली की तू आधी मागं सर. हात मोडलेला ड्रेसर बरा होऊन आला, तेव्हा तांबडीची पट्टी मीच बदलत होते. आमचे डॉक्टर ठाणाबाहेर तोंड उघडं टाकून उभे. मामा मात्र कधी तिच्या ठाणाकडे फिरकले नाहीत. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. एका दुपारी लालबागकडून घोषणा ऐकू येत होत्या, "झालाच पाहिजे! झालाच पाहिजे!" आणि एकदम गोळीबाराचे आवाज. माणसं पळत सुटली. काही आमच्या फाटकातून आत घुसली, एकाच्या सदऱ्यावर रक्त होतं. डॉक्टर आणि ड्रेसर त्याच्याकडे धावले. तेवढ्यात दोर तोडून तांबडी अंगणात आली आणि उघड्या फाटकाकडे उधळली. बाहेर गेली असती तर माणसांत घुसली असती, किंवा गोळी खाऊन पडली असती.

फाटकाजवळ धोंडूमामाच होते. त्यांनी फाटक लोटलं, जिभेने टक्-टक् आवाज केला आणि ओरडले, "हो, राणी! हो!"

तांबडी जागच्या जागी थांबली. नुसती थांबली नाही, दगडासारखी झाली. चारी पाय लटलट कापत होते आणि पायांखाली मुताचं थारोळं साचत होतं. राणी? तिला हे नाव इथे कुणीच दिलं नव्हतं. मी मामांकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझीच व्हती ती," ते म्हणाले. "गाडीवर बसलो की मला घोडं दिसायचंच न्हाई. वाट दिसायची, सवारी दिसायची. ती पडली तवा दिसली."

माझ्या कानांत दडे बसले. बाहेर गोळ्या चालल्या होत्या, आणि मला ज्याने तिच्याजवळ जायला शिकवलं, त्यानेच तिला मारलं होतं! मी एवढंच म्हणाले, "मामा, बोलू नका. मागे व्हा." ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी अंगणाच्या मधोमध, तांबडीकडे पाठ करून, मातीत बसले. दुसरं काही मला येतच नव्हतं. तेही त्यांनीच शिकवलेलं. ऊन कलेपर्यंत बसले. मग खांद्यावर तिचं नाक टेकलं. मी उठले आणि आम्ही दोघी ठाणात गेलो. ती पुढे नव्हती, मी पुढे होते.

डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. लायसन गेल्यावर मामांनी स्वतःच येऊन काम मागितलं होतं आणि तिच्यासमोर कधी जाणार नाही असा शब्द दिला होता. मी बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाही. बोलायला लागले, तेव्हाही मी त्यांना माफ केलं की नाही, ते मला सांगता यायचं नाही.

वसईच्या एंजेलाबाईंनी तांबडीला नेलं. नवरा वारलेला, केळीची आणि पानवेलींची वाडी. डॉक्टरांनी बजावलं, गाडीला जुंपायची नाही. बाई हसल्या, "मला तिची लीद हवी, डॉक्टर. वेलींना." ट्रकमध्ये मीच तिच्यासोबत उभी राहून गेले. मामा फाटकापर्यंतही आले नाहीत.

पाच-सहा महिन्यांनी मी वसईला गेले. वाडीत शिरले आणि थबकले. तांबडी केळींच्या सावलीत आडवी पडली होती. मान जमिनीवर, चारी पाय सैल सोडलेले, तोंडावर माश्या. मी किंचाळत धावले. एंजेलाबाईंनी मला मधेच पकडलं.

"अगो, गप! झोपलीय ती."

"घोडी आडवी झोपते?"

"भीती नसली की झोपते. इथे आल्यावर महिनाभर उभीच होती. आता रोज दुपारी अशी पसरते."

मी तिथेच खाली बसले. परळच्या ठाणात मी इतके दिवस तिच्यापाशी काढले, तिची पट्टी केली, अंगावर हात फिरवला, पण माझ्यासमोर ती एकदाही आडवी झाली नव्हती. मला वाटत होतं, मी तिला सगळं दिलं. ती जागी झाली, माझा हात हुंगला आणि एंजेलाबाईंच्या मागे मागे विहिरीकडे चालू लागली. मला रडू आलं. ते दुःखाचं होतं की कशाचं, मला आजही नीट सांगता येत नाही.

त्यानंतर माझं लग्न झालं, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आले, मुलं झाली. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी झोपले, तरी जिन्यावर कुणी चढलं की जागी व्हायचे. गावाहून कागद यायचे, "घरी कधी येतंस?" आणि गावी गेले की शेजारी विचारायचे, "घरी कधी जातंस?" दोन्हीकडे मी पाहुणी. परवा भर दुपारी मोठी लेक ऑफिसातून लवकर आली. दार सताड उघडं, गॅसवर भात शिजून करपलेला, आणि मी मधल्या खोलीत लादीवर पसरलेली. घाबरून तिने मला गदागदा हलवलं. "आई! आई, काय झालं तुला?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "डोळा लागला होता."