चार वाती, तीन बार

जपून हा शब्द आमच्या दाजींनी एकट्यानं जेवढा वापरला, तेवढा बाकीच्या जिल्ह्यानं मिळूनही वापरला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बेंबळीकडच्या एका गावात दूध सोसायटीत दूध तपासायला होते. पाहुण्याला चहा दिला की "जपून, गरम हाय" म्हणायचे आणि पाणी दिलं की "जपून, गार हाय." कळंबला जायचं तर एसटीच्या आधी दोन तास थांब्यावर हजर. गाडी आली की ड्रायव्हरला नमस्कार करून विचारायचे, "झोप झाली नव्हं?" एकानं गमतीनं नाही म्हणून सांगितलं, तर दाजी खाली उतरले आणि पुढच्या गाडीनं निघाले. ती गाडी वाटेत बंद पडली. त्यावर म्हणाले, "उभ्या गाडीला अपघात व्हत न्हाय."

दुष्काळाच्या साली जनावरांचं दूधच आटलं, सोसायटीला कुलूप लागलं आणि दाजी विहिरीच्या कामावर हजेरी घ्यायला लागले. मीही कॉलेज सोडून तिथंच घण मारत होतो. एके दुपारी विहिरीत चार सुरुंग भरले, वाती पेटवल्या आणि सगळे लांब लिंबाखाली जाऊन बसलो. दणके झाले. मुकादम उठला, "चला, उतरा खाली." सगळ्यात पुढं मीच होतो. तेवढ्यात दाजींनी उतरायचा दोर गोळा केला आणि त्यावर मांडी घालून बसले.

"चार वाती, तीन बार," ते म्हणाले.

"दोन संगट उडाले असतील की," मुकादम म्हणाला.

"असतील. बसा."

मुकादमानं कामावरून काढायची भाषा केली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी तर भर लोकांत म्हणालो, "दाजी, उठा आता. लाज वाटायलीय." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. कान लाल झाले, पण दोरावरून उठले नाहीत.

अर्ध्या तासानं चौथा बार उडाला. दगड लिंबापर्यंत आले. मग मुकादमानं पाण्याचा तांब्या दाजींपुढं धरला. दाजींनी आधी दोर सोडून दिला, मगच तांब्या घेतला.

घरी जाताना मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "मला तरी कुठं वाटलं व्हतं फुटंल म्हणून? आजवर कितींदा भ्यालो, कधी काय झालं न्हाय. तेच बरं व्हतं, पाव्हणं."

पुढं गाव त्यांना फार मानानं वागवायला लागलं. त्यांची थट्टा करायची सगळ्यांनाच चोरी झाली. संध्याकाळी ते ओट्यावर एकटेच बसलेले दिसायचे. वाटायचं, शेजारी जाऊन बसावं आणि मनसोक्त चिडवावं. पण मलाही ते पुन्हा जमलं नाही.