दोन बोटं लांब

टिंबू जिथे उभी राहायची, तिथे आकडा वाढायचा.

आकडा भिंतीवरच्या एका पेटीत दिसायचा. पेटी हवा ओढून घ्यायची आणि तिच्यातले धुळीचे कण मोजायची. खोली चिप बनवणाऱ्या कारखान्यातली. इथे सिलिकॉनच्या गोल चकत्यांवर केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक रेघा कोरतात. तिथे एक कण पडणं म्हणजे रस्त्यावर डोंगर कोसळणं. पेटीत शून्य दिसलं की सगळे खूश. एक-दोन चालून जायचे. टिंबूच्या टेबलाशी चौदा दिसले. मग एकोणीस.

कॉलेजातून पाच जण सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला आले होते. पाचांतल्या दोघांना कंपनी स्कॉलरशिप देणार होती. उरलेल्या शिक्षणाची सगळी फी, आणि पुढे इथेच नोकरी. स्कॉलरशिप मिळाली नाही तर शेवटचं वर्ष कसं होणार, हे टिंबूच्या घरात कुणी बोलत नव्हतं. घरात दोघीच. आई आणि ती.

लहानपणी खेळात ती सगळ्यांत बुटकी. त्यामुळे कायम लिंबूटिंबू. आऊट झाली तरी आऊट नाही, जिंकली तरी जिंकली नाही. पुढे लिंबू गळलं, टिंबू राहिलं. आता पहिल्यांदाच ती खऱ्या खेळात होती. आणि आऊट होत होती. का, ते कळत नव्हतं.

खोलीची जबाबदारी असलेल्या इंजिनिअरबाईंना सगळे मागे कणबाई म्हणत, पुढे मॅडम. सोमवारी त्यांनी टिंबूला बोलावलं. समोर तिचा स्कॉलरशिपचा अर्ज होता.

"इथे माझी सही लागते. सहीच्या वर कारणाचा रकाना आहे. तुझ्या टेबलाशी आकडा का वाढतो, ते लिही. मी सही करते. शुक्रवारपर्यंत."

"मला माहीत नाही, मॅडम."

"मलाही नाही. म्हणून तर रकाना रिकामा आहे."

टिंबूने सगळं करून पाहिलं होतं. पावडर सोडली. क्रीम सोडलं. साबण बदलला. सकाळी दोनदा डोकं धुतलं. आत गेल्यावर बोलणं बंद केलं, कारण बोलताना तोंडातून थेंब उडतात असं पुस्तकात होतं. मास्कच्या आत तिने श्वासही जपून घेतला. पेटीला काही फरक पडला नाही.

त्या पाचांतलाच एक मुलगा दाढीवर वेगळी जाळी लावून आत यायचा. नावच पडलं होतं दाढी.

"मला जाळी, आणि कण तुझे," दाढी म्हणाला. "हा कुठला न्याय? तू असं कर, बाहेर जाऊन स्वतःला झटकून ये. सतरंजी झटकतात तशी."

टिंबू हसली नाही. तिला वाटायला लागलं होतं, दोष आपल्या कातडीतच असेल. काही माणसं जास्त झडत असतील. कुणी सांगावं?

घरी आई ऐकून चिडली.

"कण? आमच्या हातून गेलेल्या कपड्यावर? छे! पेटी बिघडली असेल तुमची."

आई कारखान्याच्या लाँड्रीत होती. आतल्या लोकांचे पांढरे सूट तिथेच धुतले जात. डोक्यापासून पावलापर्यंत, फक्त डोळे उघडे, असे ते सूट. मळके एका दाराने येत, तिथे ते निवडायचे. धुऊन झाले की काचेच्या खोलीत घडी घालायची. काचेच्या खोलीत निवडक बायकाच. त्यांनाही तसेच सूट. आई अकरा वर्षं काचेच्या खोलीत होती. वेळ पडली की मळक्या बाजूलाही हात लावायची. चकत्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या. पण कुठल्या नंबरचा सूट कोपरात झिजतो, कुठला माणूस खिसा नसताना खिसा शोधतो, ते तिला कपड्यावरून कळायचं.

"तुझा एकसष्ट नंबर," ती म्हणाली. "मी हातात घेतला की ओळखते. बाहीत नुसती हवा."

मंगळवारी टिंबू आत गेली. पेटीत शून्य. दिवसभर शून्य.

"वा," दाढी म्हणाला. "आज आंघोळ केलीस वाटतं."

तिला आनंद व्हायला हवा होता. ती आणखी गोंधळली. साबण तोच. केस तेच. मग आज कोण आलं होतं तिच्या जागी?

जेवणाच्या सुट्टीत तिने वही काढली. तीन आठवड्यांचे आकडे होते. वाईट दिवस, चांगले दिवस. दोन वाईट, दोन चांगले. पुन्हा दोन वाईट. रांग बघून तिला चक्रावल्यासारखं झालं. दर दोन दिवसांनी काय बदलतं?

सूट बदलतो. प्रत्येकाला दोन सूट असतात. एक अंगावर, एक धुवायला.

मग तिला आठवलं. दोघांतला एक तिला नीट बसायचा. दुसऱ्याच्या बाह्या दोन बोटं लांब होत्या, हातमोज्यात गोळा व्हायच्या, चकती धरायचा चिमटा घसरायचा. पहिलाही आधी तसाच होता. मग एकदा धुऊन आला तो बेताचा. आटला असेल असं तिला वाटलं होतं. बरंच वाटलं होतं.

बुधवारी तो धुऊन परत आला. बदलायच्या खोलीत तिने बाही उलटी केली. मनगटाच्या जरा वर कापड दुमडलेलं होतं. वाढत्या अंगाच्या फ्रॉकला घालतात तशी दुमड. पांढऱ्यावर पांढरे, मोहरीएवढे टाके. शेवटी तीन टाके एकावर एक आणि त्यावर एक तिरका.

हा तिरका टाका टिंबूने शाळेच्या गणवेशावर पाहिला होता. उशीच्या अभ्र्यावर पाहिला होता. जगात दुसरं कुणी असा टाका घालत नाही, असं तिला लहानपणी वाटायचं. आताही वाटलं.

ती बाकावर बसली. मग बाही सरळ केली आणि सूट पिशवीत घातला.

संध्याकाळी आई भांडी विसळत होती.

"आई, माझी बाही तू शिवलीस?"

"तूच म्हणालीस ना, हात अडकतो म्हणून? दुसऱ्या सूटचीही आत घेणार होते. तेवढ्यात सुपरवायझर टपकली."

"कशाने शिवलीस?"

"दोऱ्याने. मग काय, तारेने?"

"कुठला दोरा?"

"पर्समधला. साधा. सुती." आईचा हात थांबला. नळ वाहत राहिला. कापूस झडतो, म्हणून आत सुती रुमालसुद्धा नेऊ देत नाहीत, हे तिने नव्या बायकांना अकरा वर्षं शिकवलं होतं.

"अगं बाई," ती म्हणाली. "सूट हातात होता आणि मला फ्रॉकच दिसला."

टिंबूने नळ बंद केला.

"सांगून टाक त्यांना," आई म्हणाली.

"आणि तुझी नोकरी?"

"सुई नेली म्हणून काढतील. नियमच आहे."

"मग कसं सांगू?"

"मग नको सांगूस." एक पातेलं पालथं घालून ती म्हणाली, "नाही, सांग." मग ओल्याच हातांनी ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

गुरुवारी साडेनऊला टिंबू कणबाईंच्या ऑफिसात गेली. सूट तिने पिशवीत घालून नेला होता. बाही उलटी केली.

"सुती दोरा आहे, मॅडम. मी शिवला. बाही लांब होती."

कणबाईंनी भिंग घेऊन टाके पाहिले. खूप वेळ पाहिले.

"छान शिवलंयस."

"हो."

त्यांनी कपाटातून सुईदोरा काढला, एक फडकं पुढे सरकवलं. "चार टाके घालून दाखव."

टिंबू केसाच्या हजाराव्या भागाची रेघ कोरू शकत होती. सुईत दोरा तिला पाचव्यांदा ओवता आला. पहिला टाका उलटा गेला. दुसरा बोटात. चौथ्यापर्यंत फडक्याचं बोचकं झालं होतं.

कणबाईंनी फडकं बाहीशेजारी ठेवलं.

"सकाळी आठला लाँड्रीतून एक बाई येऊन गेल्या," त्या म्हणाल्या. "मी शिवलं म्हणाल्या. मुलीचा संबंध नाही, तिला सुई धरतासुद्धा येत नाही म्हणाल्या. मला वाटलं, आई आहे, सांभाळून घेत असेल. आता खात्री पटली."

लाज आईची वाटत होती, की सुईची, की खोट्याची, ते टिंबूला कळेना.

"मी अकरा वर्षं त्यांनी घडी घातलेले कपडे घालतेय," कणबाई म्हणाल्या. "तोंड आज पाहिलं." त्यांनी अर्ज ओढला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: बाहीत सुती दोरा. पेन उचललं. परत ठेवलं.

"कुणी शिवला, असा रकाना नाही," त्या म्हणाल्या. "तू आत्ता जे बोललीस, त्याचाही नाही." आणि सही केली.

"आणि आई?"

"ते माझ्या हातात नाही. त्या इथे येण्याआधी तिकडे लाँड्रीत सांगून आल्या होत्या."

स्कॉलरशिप टिंबूला मिळाली. दुसरी दाढीला. "तुझे कण मला लकी," तो म्हणाला.

आईला काढलं नाही. काचेच्या खोलीतून मात्र हलवलं, मळक्या बाजूला, कायमचं. तिथे पांढरा सूट नसतो. साधा निळा झगा असतो. जाताना बॅगा तपासतात.

पत्र आलं त्या दिवशी टिंबूने ते आईच्या हातात दिलं. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बघ, झालं की नाही," ती म्हणाली. "उगाच जीव जाळत होतीस."

"तुला वाईट वाटत नाही?"

"कशाचं?"

टिंबूला नीट सांगता आलं नाही. आई चुकली म्हणून तिचं सगळं गेलं असतं. आई बोलली म्हणून वाचलं. आणि आईचं काय गेलं, ते आई मोजतच नव्हती. यात कुणी कुणाचं काय केलं, याचा तिने पुष्कळ विचार केला. काही हाती लागलं नाही.

"निळा बरा," आई म्हणाली. "पांढऱ्यात फार उकडायचं."

हे खरं की खोटं, तेही टिंबूला कळलं नाही.

सोमवारी तिला नवा सूट मिळाला. कंपनीकडे असलेल्यांतला सर्वांत छोटा. बाही दोन बोटं लांबच होती. घडी कुणी तरी दुसरीने घातली होती, कोपरे जुळत नव्हते.

ती आत गेली. हात कोपरात वाकवून वर धरले. तसे धरले की बाही आपोआप मनगटावरून खाली सरकते, हे तिला नुकतंच सुचलं होतं. पेटीकडे पाहिलं.

शून्य.

ती तशीच हात वर करून टेबलाशी उभी राहिली.