तोरिकाचे दिवे

उलामिला वस्तीत राहायला आली आणि तोरिकाच्या पोटात दुखायला लागलं. पोट तसं ठणठणीत होतं. दुखणं दिव्यांचं होतं.

फिजीच्या सुवा शहराबाहेर तिवरांच्या चिखलात खांब रोवून उभी असलेली आमची वस्ती. जमीन कुणाच्या नावावर नाही, म्हणून विजेची तारही नाही. सहा वर्षं तोरिका हॉटेलांनी फेकून दिलेले बागेतले सौरदिवे उचलून आणायची, मुरंब्याच्या बरणीत बसवायची आणि फळ्यांच्या वाटेवर उंच खांबांना टांगायची. खारी हवा महिन्याभरात तारा खायची, ही पुन्हा डाख द्यायला बसायची. येता-जाता लोक तिला दिवेवाली म्हणायचे. तिला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोला!

लाऊ बेटांवरून आलेल्या उलामिलाने एकच दिवा केला. करवंटीची टोपी घातलेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. उजेड सगळा फळीवर पडायचा. चार महिने झाले तरी तो विझेना.

"तोरिका, तुझे दिवे माणसांची तोंडं बघायला बरे," वस्तीचे मुखिया अपोरोसाकाका प्रार्थना संपताच सगळ्यांसमोर म्हणाले. "पाय कुठे ठेवायचा ते हिच्या दिव्यात दिसतं."

लोक खो खो हसले. शनिवारी तिन्हीसांजेला दोघींचे दिवे बघून वाटेवर कुणाचे लावायचे ते ठरणार होतं. तोरिकाचा नुसता जळफळाट झाला. काल आलेली ही बया आपलं नाव पुसणार!

शुक्रवारी ती उकडलेला दालो, म्हणजे अळूचे कांदे, घेऊन उलामिलाच्या दारात हजर.

"केरेकेरे, तुझा तो दिवा मला दे गं."

केरेकेरे म्हणून मागितल्यावर नाही म्हणणारा माणूस आमच्यात अजून जन्मायचाय. वस्तू मागणाऱ्याची होते आणि देणाऱ्याने पुन्हा तिचं नावही काढायचं नसतं. उलामिलाचा हात जरा वेळ करवंटीवरच राहिला.

"घे ना, ताई. तुझाच."

शनिवारी वाटेवर एकच दिवा आला, करवंटीचा.

"हा कुणाचा म्हणायचा?" काकांनी विचारलं.

"माझा," तोरिका म्हणाली. रीतीप्रमाणे ते खरंच होतं. सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या उलामिलाने, आणि तोरिकाला त्या चपराकीसारख्या लागल्या.

"मग असेच तीस कर," काका म्हणाले. "वादळांच्या आधी."

सोमवारी तोरिकाने दिवा उघडायला घेतला. सांधे कशाने बुजवलेत कळेना. सुरी घातली तर करवंटी फुटली आणि आतल्या तारा तुटल्या. दिवा मागितला, पण तो करायचा कसा हे मागायचं राहिलंच होतं! दोन दिवस ती घरात तोंड लपवून बसली. तिसऱ्या दिवशी गेली.

"केरेकेरे, मला शिकव."

"बस ना. नीरफणसाचा चीक आहे तो. आमच्याकडे होड्यांना लावतात."

आज वाटेवर तीस दिवे आहेत. त्यातले निम्मे उलामिलाच्या हातचे. वस्ती त्यांना तोरिकाचे दिवे म्हणते, उलामिलाही म्हणते, आणि तोरिका दर वेळी आतून करपते.

परवा तिला राहवलं नाही. "अगं, एकदा तरी भांड माझ्याशी! म्हण की, हे दिवे माझे आहेत!"

"दिले ना ते, ताई," उलामिला म्हणाली आणि पुढची करवंटी घासायला घेतली.